वीडरची ओटी

मंगळवारी सकाळी नऊच्या सुमारास गोजराबाईच्या सोयाबीनमध्ये पांढरा ढग उभा राहिला. मी चहाची किटली घेऊन बांधावर होते. आधी मशीन दिसेनाशी झाली, मग मशीनमागे चालणारी मोठी माय, मग तिच्या मागचं बोरीचं झाड. फक्त आवाज येत होता, आणि तोही गळा भरून आल्यासारखा. मग तो थांबला.

ढगातून मोठी माय म्हणाली, "वैभवी, आग लागली काय वं?"

"नाही. जाळ दिसत नाही."

"मंग हे काय होय?"

मला माहीत नव्हतं. मी भौतिकशास्त्र घेऊन बीएस्सी झाले त्याला तेव्हा सात आठवडे झाले होते, आणि या सात आठवड्यांत मला विचारलेल्या अकरा प्रश्नांपैकी नऊ मोबाइलच्या रिचार्जचे होते. हा पहिला खरा प्रश्न होता.

गोजराबाई माझी मोठी काकू. काका जाऊन नऊ वर्षं झाली. तिची साडेतीन एकर जमीन ती स्वतः करते, आणि मी तिला मोठी माय म्हणते. ढगात गेलेली मशीन म्हणजे वीडर: पुढे एक लहान चाक, खाली फिरणारी पाती, वर पेट्रोलचं छोटं इंजिन, आणि मागे दांडा धरून चालणारं माणूस. पिकाच्या दोन ओळींमधलं गवत काढायला बैलांच्या डवऱ्याऐवजी ती वापरतात. गावातल्या महिला गटाच्या सात जणींनी मिळून ती अनुदानात घेतली होती. ती मोठ्या मायच्या छपरीत राहायची आणि पाळीपाळीने प्रत्येकीच्या घरी जायची.

पण अनुदानाच्या अर्जात पक्कं शेड दाखवावं लागतं, आणि गावात पक्कं शेड एकच, ट्रॅक्टरवाल्या उकंडरावांचं. त्यांनी ते अर्जापुरतं दाखवू दिलं आणि बदल्यात गटाकडून एक ठराव करून घेतला: पहिल्या हंगामात मशीन बंद पडली, तर ती त्यांच्या शेडमध्ये जाईल. त्याचा अर्थ सगळ्यांना कळत होता. आधी त्यांची बावीस एकर होणार, मग बायकांची पाळी. तोवर उघाड संपलेली असते आणि गवत सोयाबीनच्या डोक्यावर गेलेलं असतं.

म्हणून ढग विरायच्या आत उकंडराव बांधावर हजर झाले, याचं मला आश्चर्य वाटलं नाही.

"पडली काय वयनी बंद?"

"बंद नाही पडली," मोठी माय खोकत म्हणाली. "थांबली."

"थांबली अन् बंद पडली यात काय फरक हाय?"

"तुमी जेवता जेवता थांबता, तं मेले म्हणाचं काय?"

त्यांनी रुमालाने डोळे पुसले. "परवा गुरुवारी मीटिंग हाय. तवा पाहू थांबली का पडली."

मी इंजिन चालू करायची दोरी ओढून पाहिली. एरवी ती एका झटक्यात येते. आज ती अर्ध्यावर अडली आणि मलाच पुढे ओढून घेऊन गेली, जणू पलीकडे कोणीतरी धरून बसलं होतं. मी मालेगावच्या रामधनला फोन लावला. रामधन मोटरसायकली दुरुस्त करतो आणि आजाऱ्याला हात न लावता रोग सांगतो, अशी त्याची ख्याती आहे.

"चालू होते काय?" त्याने विचारलं.

"प्रयत्न करते."

चौथ्या ओढीला ती धरली. पुन्हा ढग आला.

"फोन सायलेन्सरजवळ धर," रामधन ओरडला. "बोलू दे तिले."

मी फोन धरला. मशीन वीस सेकंद बोलली आणि बंद पडली. फोनवर तेलाचे बारीक थेंब जमले होते.

"पिस्टनची रिंग गेली," रामधन म्हणाला. "नाहीतं हेडचं गॅस्केट गेलं. नाहीतं दोन्ही गेले."

"तिन्हीपैकी कोणतं ते कसं ठरवायचं?"

"खोलल्यावर कळते. टेम्पोत टाकून आण. आठ-दहा दिवस लागतीन."

फोन स्पीकरवर होता. उकंडरावांनी मोठ्या मायकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि निघाले. पंधरा पावलांवर जाऊन ते परत फिरले.

"एक गोष्ट हाय पण वयनी. इथीसा एकही डास राह्यला नाही."

खरोखरच राहिला नव्हता. एवढ्या धुरात मीही जेमतेम राहिले होते.

दुपारी मशीन छपरीत आणून मी तपासायला बसले. रामधनचे तिन्ही रोग खोलल्याशिवाय कळत नाहीत, म्हणून जे न खोलता कळतं तिथून सुरुवात करावी, असं मी ठरवलं. हवा गाळणारा स्पंज काढला. तो कोरडा असायला हवा. तो पिळला तर तेल गळलं. स्पार्क प्लग काढला. त्याचं टोक काळं आणि ओलं होतं. म्हणजे जिथे तेल नसावं, तिथे तेल होतं. मग जिथे असावं तिथे किती आहे ते पाहायचं ठरवून मशीन सपाट फरशीवर घेतली आणि तेलाचं पिवळं झाकण उघडलं.

झाकणाच्या आतल्या बाजूला बोटभर कांडी असते. तिच्यावर दोन खुणा असतात आणि तेल त्या दोन खुणांच्या मध्ये असावं लागतं. मला कांडी पाहायची वेळच आली नाही. झाकण निघताच तेल आपणहून बाहेर आलं आणि माझ्या डाव्या पायावरून छपरीत वाहू लागलं.

"परात!" मी ओरडले.

मोठ्या मायने परात सरकवली. खालचा बोल्ट सोडून मी सगळं तेल काढलं आणि मोजलं. पाण्याची एक लिटरची बाटली भरली आणि वर खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने पंधरा झाकणं. झाकण दहा मिलिलिटरचं. एकूण अकराशे पन्नास. माझ्या पायावर गेलं ते मी पन्नास धरलं. मशीनच्या पुस्तकात लिहिलं होतं: सहाशे.

"दुप्पट," मी म्हणाले. "मोठी माय, रिंग गेली नाही, गॅस्केट गेलं नाही. तिला तेल जास्त झालंय. जास्तीचं तेल वर चढतं, पेट्रोलबरोबर जळतं, म्हणून पांढरा धूर. उरलेलं वाट अडवून बसतं, म्हणून दोरी ओढत नाही."

"म्हणजे अजीर्ण झालं."

"तसंच."

"मंग मेली नाही ना?"

"नाही."

ती खाली बसली. सकाळपासून पहिल्यांदा तिने पदराने तोंड पुसलं. पण माझं समाधान होत नव्हतं. तेल टाकायचं भोक इंजिनाच्या खालच्या अंगाला असतं. मशीन सपाट असताना त्यातून सहाशेच्या वर तेल जाऊच शकत नाही, टाकलं की बाहेर येतं. घागर काठाच्या वर भरता येत नाही, तसं. म्हणजे या इंजिनात बाराशे मिलिलिटर तेल असणं अशक्य होतं, आणि ते माझ्या समोर परातीत होतं.

शिवाय वास. मी बोट बुडवून हुंगलं. जळक्या तेलाखाली एक खमंग वास होता, घरातला, जेवणाच्या वेळेचा. मी बोट मोठ्या मायच्या नाकापाशी नेलं.

"जवस," ती लगेच म्हणाली.

"इंजिनात जवसाचं तेल?"

"चाळीस वर्षं जवसाची चटणी कुटून राह्यली मी. जवसच होय."

बुधवारी सकाळी मी वही घेऊन गटातल्या बाकी सहा घरी जाऊन विचारलं: मशीनमध्ये तेल टाकलं का? सहाही घरी उत्तर आलं, नाही. काही ठिकाणी चहाही आला. सहा घरांतून शून्य मिलिलिटर. मी परत निघाले तेव्हा राखी माझ्या मागे आली. राखी गटातली सगळ्यांत लहान, लग्न होऊन दीड वर्ष झालेली.

"वैभवीताई, इंजिन बिघडवाले तेल मी नाही टाकलं. सांगून ठेवते."

"मग कशाला टाकलं?"

"वटी भरली."

"कोणाची?"

"मशीनची. लेकीसारखी घरी येते, दोन दिवस राबते, मंग जाते. माहेरातून निघतांनी लेकीले खाली वटीनं लावून देते काय कोणी?"

मी वही बंद केली आणि पुन्हा उघडली. "ओटीत तांदूळ घालतात ना? नारळ? खण?"

"खण दांड्याले बांधला होता. पण तांदूळ कुठं टाकता तिच्यात?" राखी समजुतीने म्हणाली. "तिले तांदूळ पचन काय? तिचं खाणं तेल. मंग वाटीभर तेलच."

"पेट्रोल तर तुम्ही सगळ्या भरताच की."

"ते तं तिची मजुरी झाली वो ताई. वटी येगळी."

मी तिला म्हटलं, कशी भरली ते करून दाखव. तिने छपरीत येऊन मला विचारलं, उगवत कोणत्या बाजूला आहे. मशीनचं तोंड उगवतीकडे केलं. मग मोठ्या मायच्या स्वयंपाकघरातून पाट आणला आणि मशीनचं पुढचं चाक उचलून पाटावर ठेवलं.

"वटी भरतांनी पाटावर बसवा लागते," ती म्हणाली.

पाटाची उंची दहा सेंटिमीटर होती. मशीन मागे कलली. तेल इंजिनाच्या मागच्या पोटात गेलं, पुढचं भोक वर आलं, आणि त्याखाली चांगली वाटीभर रिकामी जागा तयार झाली. जे सपाट जमिनीवर अशक्य होतं, ते पाटावर सोपं होतं. दर घरी थोडी जास्त कलली की थोडी जास्त जागा.

"अन् हे सगळ्याच जणी करतात?"

"आमच्याकडून भरून गेली म्हणून मी रूपावहिनीले सांगतलं. मंग तिनं पुढच्या घरी सांगतलं असन. अशी कोरडी कोण जाऊ देईन?"

संध्याकाळी मी नवीन तेल भरलं, झाकण न फिरवता कांडी नुसती टेकवून पातळी पाहिली, स्पंज धुऊन वाळवला, प्लग घासला. उकंडराव छपरीच्या दारात आले.

"वैभवी, काय करून राह्यली?"

"दुरुस्त करते काका."

त्यांनी वाकून मशीन पाहिली. "पुरी नको करू."

"म्हणजे?"

"थोडा धूर राहू दे. उद्या माह्या शेडात येईन तं रोज सांजेले पाच मिनिट गोठ्यात लावीन म्हणतो. पंचायतवाले फवारणीची मशीन आणून राह्यले दोन वर्षापासून. हे देवानंच देल्ली."

मी त्यांना सांगितलं की तसं करता येत नाही. रोग ठरावीक प्रमाणात ठेवायला इंजिन म्हणजे काही लोणचं नाही. त्यांना ते पटलं नाही.

गुरुवारी चार वाजता मोठ्या मायच्या अंगणात मीटिंग भरली. सातही जणी आल्या. मी सगळ्यांना निरोप दिला होता की, ज्या भांड्याने ओटी भरली ते भांडं आणा, कोणाला दोष द्यायचा नाही, फक्त हिशेब जुळवायचा आहे. उकंडराव खुर्ची घेऊन मध्यभागी बसले. भागिरथाबाई, म्हणजे त्यांची बायको, हिचंही नाव गटात होतं; ती बायकांमध्ये मागे बसली. गटाचं वहीकाम रूपाकडे असतं. तिचा नवरा प्रसेनजित मालेगावला शाळेत मास्तर आहे आणि तिचं अक्षर गावात सगळ्यांत चांगलं.

मी सगळं समजावून सांगितलं. तेल जास्त झाल्याने काय होतं, पाटामुळे ते कसं आत गेलं. बायका लक्ष देऊन ऐकत होत्या आणि प्रत्येकीचं भांडं पदराखाली होतं.

"तं कोणी कोणी टाकलं?" उकंडरावांनी विचारलं.

बायकांनी पदराखालची भांडी आणखी आत सरकवली. शेवटी रूपाने वहीवर पेन ठेवला. "मी टाकलं. आमच्यात हे वटी-गिटी काही नाही. पण राखी म्हणे आमच्या घरून वाटी भरून गेली. मंग आमच्या घरून कोरडी गेली असं कोणी कायले म्हणावं? प्रसेनजितनं मोटरसायकलसाठी आणलेलं तेल होतं, एक कप टाकलं."

"कप?" पलीकडून एकजण म्हणाली. "मी तं वाटी भरून टाकलं होतं. काठोकाठ."

"कोणती वाटी? ती वरणाची? ती तं लहान हाय."

"तुह्यावालीपेक्षा मोठी हाय."

"मी गिलास टाकला," तिसरी म्हणाली. "पाण्याचा गिलास. लेकच ते, हात आखडून कशी देऊ?"

"आमी दोन डाव टाकलं. एक येतांनी अन् एक जातांनी."

काल सहा घरांतून शून्य मिलिलिटर आलं होतं. आज पाच मिनिटांत वहीतला आकडा दोन हजार आठशेवर गेला. दोनदा टाकणाऱ्या बाईने भांडं तांब्या सांगितलं.

"मावशी," मी म्हणाले, "एवढं तेल गेलं असतं, तर मशीन फुटली असती."

"फुटली नाही ना? आमची पुण्याई."

मग मी पाण्याची बादली मध्ये ठेवली. प्रत्येकीने जेवढं तेल टाकलं होतं तेवढं पाणी आपल्या भांड्यात घ्यायचं, आणि शेजारणीने खरं-खोटं सांगायचं. ही पद्धत चांगली निघाली. शेजारणीने एकीचा गिलास अर्ध्यावर आणला, तांब्याची वाटी झाली. पाच घरांचे सातशे चाळीस मिलिलिटर झाले.

"आता सहावं," मी म्हणाले. "त्यात जवसाचं तेल होतं."

सगळ्यांच्या माना एकाच वेळी मागे वळल्या. गावात जवस पेरणारं आणि घाण्यावरून तेल काढून आणणारं घर एकच होतं.

"आमचा काय संबंध?" उकंडराव उठले. "आमच्या घरी मशीन आलीच नाही. माह्याकडं ट्रॅक्टर हाय."

"आली होती," मागून भागिरथाबाई म्हणाली.

"कवा?"

"तुमी मालेगावले गेले होते तवा. ट्रॅक्टर चिखलात जात नाही, अन् उभ्या पिकात तं जातच नाही. मंग तुमचं सोयाबीन साफ कसं झालं असं वाटलं तुमाले? गवत लाजून गेलं?"

"मले सांगतलं कायले नाही?"

"तुमी बोलले असते, बायाईची मशीन आपल्या वावरात नको."

"अन् जवस कायले टाकलं?"

"इंजनाचं तेल तुमी शेडात कुलूप लावून ठेवता अन् किल्ली करदोड्याले. मी काय मागू? लेक दारातून चालली, घरात जे होतं ते टाकलं." तिने पदराखालून एक छोटी पितळी वाटी काढून पुढे सरकवली. एकशे चाळीस मिलिलिटर, मी मोजलं.

सातशे चाळीस अधिक एकशे चाळीस, आठशे ऐंशी. आधीचे सहाशे मिळवून चौदाशे ऐंशी. माझ्या हाती आलं होतं पायासकट बाराशे. उरलेलं दोनशे ऐंशी स्पंजात आणि ढगात. हिशेब जुळला होता. मला इतका आनंद झाला की मी तो दोनदा वाचून दाखवला. कोणालाच त्याचं काही वाटलं नाही.

"सातवं घर राहिलं," मी म्हणाले. "मोठी माय, तुझं भांडं?"

"माहं नाही," ती म्हणाली.

"तू काहीच टाकलं नाही?"

"मी कशी भरू वं?"

पाऊस कधी पडला होता हे सांगावं, तसं ती म्हणाली. सगळ्या बायका बादलीतल्या पाण्याकडे पाहू लागल्या. मला कळायला जरा वेळ लागला. विधवा बाई ओटी भरत नाही आणि तिचीही कोणी भरत नाही. मशीन गावात आली त्या दिवशी हळदीकुंकू लावून नारळ फोडला होता, तेव्हा मोठी माय दाराच्या आत उभी होती. मी तिला म्हटलंही होतं, बाहेर ये ना, फोटोत दिसत नाहीस. सात घरांपैकी ज्या एका घरात मशीन ठेवली होती, तिथेच तिच्यात थेंबही पडला नव्हता, तो या कारणाने.

उकंडरावांनी खाकरून घसा साफ केला. "ते काही असो. ठरावात वटीचं काही लिवलं नाही. बंद पडली का नाही पडली, एवढंच लिवलं हाय."

"चालू आहे," मी म्हणाले आणि दोरी ओढली. मशीन एका झटक्यात धरली. सायलेन्सरमध्ये साचलेलं तेल जळेपर्यंत धूर निघाला आणि उकंडराव आशेने पाहत राहिले. आठ मिनिटांनी धूर पातळ झाला, मग नाहीसा. आवाज स्वच्छ, एकसारखा.

"आता एकच काळजी घ्यायची," मी मशीन बंद करून म्हणाले. "कोणीही तेल टाकायचं नाही. मी पाहीन आणि मी टाकीन."

"मंग खाली वटीनं लावून देवाची?" राखीने विचारलं.

"ती मशीन आहे राखी."

"ते समजते मले. पण आतापर्यंत भरली अन् आता नाही भरली, तं कसं दिसन?"

"आमच्या घरून पहिल्यांदा कोरडी गेली असं होईन," दुसरी म्हणाली. "आमच्यापासून सुरुवात नको."

"पाह्यलं?" उकंडराव खुर्चीच्या टोकावर आले. "ह्या काही ऐकत नाही. आठ दिवसांनी परत ढग येईन. माह्याकडं द्या. मी कोणाले हातच लावू देत नाही."

ते बरोबर बोलत होते, हीच अडचण होती. मी कांडीवरच्या खुणा दाखवल्या, वरची आणि खालची. बायकांनी त्या पाहिल्या आणि छान आहेत म्हणाल्या.

राखीला एक युक्ती सुचली. "तिले पोरगं समजू. पोरगं कामाले जाते अन् येते, त्याची कोण वटी भरते?"

"पोरगं असन," उकंडराव चपळाईने म्हणाले, "तं मंग महिला गटात कायले? आमच्यात पाठवा."

राखीने जीभ चावली. रूपाने लिहिलेली ओळ खोडली. उकंडरावांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, आता मत घ्या, शेडाची किल्ली मी आणलीच हाय. तीन जणींनी एकमेकींकडे पाहिलं. त्यातल्या एकीचा हात उठायला लागला होता.

"थांबा," मोठी माय म्हणाली. "वटी भरल्याबिगर कोणाले राहवत नाही. असंच ना?"

"हो."

"तं भरा. पण मशीनची नका भरू. जिच्या घरी ती राह्यते, तिची भरा. मशीन परत आणून द्याल तवा माही भरा."

"गोजराबाई," एक म्हातारी हळू म्हणाली, "तुमची कशी भरता येईन?"

"इंजिनात जवस टाकता येते," मोठी माय म्हणाली, "तं माह्या पदरात तांदूळ टाकाले काय होते?"

रूपा वहीत मान घालून म्हणाली, "आमच्यात तं असं काही अडत नाही."

"अन् मशीन उकंडरावाकडं ठेवाची असन," मोठी माय पुढे म्हणाली, "तं उकंडरावाची भरा. बसवा पाटावर."

पहिली हसली भागिरथाबाई. मग सगळ्या. उकंडरावांनी नकळत उपरण्याची दोन्ही टोकं गोळा करून छातीशी धरली, आणि ते पाहून राखी हसता हसता खाली बसली.

"यांची मी भरत नाही," भागिरथाबाई डोळे पुसत म्हणाली. "बाकीच्यांनी पाहा बाप्पा."

उकंडराव उठले. खुर्ची त्यांनी आणली होती, ती ते विसरले. रूपाने ठराव लिहिला: मशीन गोजराबाईंकडे राहील. तेल वैभवी पाहील. ओटी गोजराबाईंची भरण्यात येईल.

"कारण काय लिवू?" तिने विचारलं.

"तांत्रिक," मी म्हणाले. तिने तसं लिहिलं आणि सात जणींनी सह्या केल्या.

शनिवारी पाच वाजता राखी मशीन घेऊन आली. मी सपाट फरशीवर ठेवून कांडी टेकवली. तेल दोन खुणांच्या मधोमध होतं. मी वहीत लिहून घेतलं. राखी मात्र गेली नाही. तिच्या हातात पिशवी होती. पिशवीत तांदूळ, नारळ आणि एक हिरवा खण होता. ती दारात उभी राहिली आणि मोठ्या मायला हाक मारली.

मोठी माय हात पुसत बाहेर आली. तिने पदर पुढे घेतला, मग सोडला, मग दुसऱ्या बाजूने घेतला.

"कसा धरतात वं?" तिने मला विचारलं. मला माहीत नव्हतं. राखीने तिचे दोन्ही हात धरून पदराची झोळी करून दिली. नारळ आणि खण ठेवला, वर तांदळाची एक मूठ टाकली. मग दुसरी. काही दाणे फरशीवर पडले आणि कोंबडी धावत आली.

पाच मुठी झाल्या तशी राखी थांबली.

"टाक वं अजून," मोठी माय म्हणाली. "लाजून काहून राह्यली?"